साहेबांचं ताट

“तार नको लावू त्याले. काथ्यानं घास. चरा पडीन,” सोनाबाई आतून ओरडली.

“आजी, त्रण वखत घसलं मी. आता माझं तोंड दिसतं यात,” ओट्यावर बसलेली विशाखा म्हणाली. ही सोनाबाईची नात. तिच्या बोलण्यात गुजराती अशी मिसळलेली असे, की कोणता शब्द कुठल्या घरचा हे तिलाही सांगता आलं नसतं.

“तुनं दिसीसन काय उपेग? साहेबनं दिसाले पाहिजे.”

दाराशी खाटेवर बसलेला भिवा, सोनाबाईचा नवरा, हे ऐकून हसला आणि हसता हसता खोकला. पांडेसराच्या रंगाच्या मिलनं त्याला पेन्शन दिलं नव्हतं, दमा दिला होता.

आता हे ताट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

बमरोलीची ही वस्ती बहुतेक धुळे-जळगावकडून, ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला उतरलेल्या माणसांची. कोणी मिलमध्ये, कोणी लूमवर, कोणी रेल्वेत. विहाराच्या कार्यक्रमाला बाहेरगावचा कोणी मोठा माणूस आला, मग तो वक्ता असो, शाहीर असो की गायिका, तर त्यानं हॉटेलात जेवायचं नाही, वस्तीतल्या घरी जेवायचं, असा इथला रिवाज होता. आणि घर ठरलेलं होतं, ते सोनाबाईचं. तिच्यासारखी भाकरी त्या गल्लीत कोणाला जमत नसे. टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेला, आणि ताटात पडेपर्यंत वाफ धरून ठेवलेली.

यात एक गोम होती. भरल्या पोटी आवाज लागत नाही, म्हणून पाहुणे कार्यक्रमानंतर जेवत. म्हणजे कार्यक्रम चालू असताना सोनाबाई घरी स्टोपुढे बसलेली. कर्णा गल्लीच्या तोंडाशीच लावलेला असे. पण स्टोच्या घरघरीत तिला शब्द कळत नसत. टाळ्या तेवढ्या ऐकू येत. लोकांनी त्या मोठ्या माणसांना गळ्यात हार असलेलं पाहिलं. सोनाबाईनं त्यांना बोटं चाटताना पाहिलं.

तिची त्यांच्याबद्दलची मतं त्यामुळे वेगळीच होती. ज्याच्या पोवाड्यावर माणसं उठून उभी राहत, तो शाहीर तिच्या लेखी ‘दूध-भाकरीवाला, दात नसलेला’ होता. एका मंत्र्याबद्दल विचारलं तर ती म्हणे, “वांग्याचं देठ टाकून देतो. त्याच्याकडून काय व्हईन?” आणि गायिका गयाबाई पिंपळनेरकर! त्यांच्या गाण्यासाठी थेट चलथाणच्या साखर कारखान्यावरून माणसं चालत आली होती. त्या जेवायला आल्या, पण पाटावर न बसता सरळ स्टोपुढे बसल्या. “सरका वहिनी, दोन भाकरी मला थापू द्या. घरी आता कोणी हातच लावू देत नाही,” म्हणाल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. तशी त्या एवढ्या मोठ्या बाई लहान पोरीसारख्या रुसल्या. ती फाटकी भाकरी सोनाबाईनं आपल्या वाट्याला घेतली.

पण या सगळ्यांच्या आधी आले होते ते तात्यासाहेब.

तात्यासाहेब बिऱ्हाडे म्हणजे कामगारांचे मोठे पुढारी. त्र्याहत्तर साली मिलच्या पटांगणात त्यांची सभा झाली, तेव्हा सोनाबाईला सुरतेत येऊन फार दिवस झाले नव्हते. घरात भांडी होती ती सगळी जर्मलची, पोचे आलेली. अशा ताटात साहेबांना वाढायचं? आदल्या दिवशी गल्लीत बोहारीण आली. सोनाबाईनं ट्रंक उघडून लग्नातली जरीकाठी साडी काढली आणि तिच्यावर एक जाड, कंगोऱ्याचं स्टीलचं ताट घेतलं. सुरतेत जुन्या जरीला मोल असतं. बोहारणीनं फार घासाघीस केली नाही.

साहेब आले तो प्रसंग सोनाबाई इतक्या वेळा सांगत असे, की गल्लीतल्या पोरांना तो पाढ्यासारखा पाठ झाला होता. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या उखाला उभं केलेलं. जीप वळली, पांढऱ्या स्वच्छ कपड्यातला माणूस उतरला, तसा उखा धावत सुटला, “साहेब उनात! साहेब उनात!” साहेब चांगले उंच. आणि घराचं दार बुटकं. आत शिरताना कपाळ चौकटीवर आपटलं, खाडकन्. सोनाबाई पुढे धावली. पण साहेब कपाळ चोळत हसले. तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं, नवं ताट मांडलं. भाकरी, ठेचा, मेथीची भाजी. साहेब मान खाली घालून जेवत राहिले, आणि जेवता जेवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ठेचा तिखट झाला असेल म्हणून ती घाबरली. तर साहेब म्हणाले, “नही. गयी ती माय मनी. मागला पंधरवाड्यात.” मग ताट पुढे करून म्हणाले, “आजून अर्धी दे, माय.”

तेव्हा सोनाबाई होती पस्तिशीची. साहेबांहून लहानच असेल. पण एवढ्या मोठ्या माणसानं तिला ‘माय’ म्हटलं. ही गोष्ट तिनं आयुष्यभर, नव्या लुगड्याची घडी मोडू नये तशी सांभाळली. गोष्टीचा शेवट ती नेहमी एकाच वाक्यानं करी, “आमना दारमा मोठला माणूसलेबी वाकनं पडस.”

ती हे सांगू लागली की भिवा न चुकता उठे आणि नळाला पाणी आलं का ते बघायला जाई.

त्या दिवसापासून ते ताट ‘साहेबांचं ताट’ झालं. एरवी ते वरच्या फळीवर उभं असे. घरच्या कोणी त्यात जेवायचं नाही. शाहीर, मंत्री, गयाबाई, सगळे त्याच ताटात जेवले.

साहेब पुन्हा बमरोलीला आले नाहीत. पेपरात त्यांचा फोटो येई, पण तो म्हणजे शाईचा डाग. एकदा मुलानं, प्रमोदनं, एका मासिकातला चांगला फोटो आणून दाखवला. सोनाबाई बराच वेळ बघत राहिली. “चष्मा लागना वाटतं,” ती म्हणाली. “आनि अंगानं भरनात. चांगलं शे. तवा फार वाळेल व्हतात.”

आणि आता, शहाण्णव सालच्या दसऱ्याला, विहाराच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन करायला तात्यासाहेब येणार होते. प्रमोद समितीचा सचिव होता. त्यानं घरी येऊन भीत भीतच सांगितलं.

“आई, साहेबांना शुगर आहे. जेवण उधन्याला, अध्यक्षांच्या फ्लॅटवर ठेवलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं.”

“फ्लॅटवर?” सोनाबाई म्हणाली. “आनि मी काय मरी गयी?”

“ऐक ना. सभेच्या आधी पाच मिनिटं आपल्याकडे येणार आहेत. मी पत्रातच लिहिलं होतं, आमच्या आईच्या हातचं तुम्ही जेवलाय म्हणून.”

हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या मालतीबाई बालवाडी चालवत. वस्तीतलं प्रत्येक मूल त्यांच्या हाताखालून गेलेलं. जीभ जरा कडू लिंबाची. साहेबांची गोष्ट त्यांनी अनेकदा ऐकली होती आणि दर वेळी भुवई उचलली होती.

“सोनाबाई, एवढे मोठे पुढारी, आणि तुम्हाला माय म्हणाले? रडले?”

“मंग काय खोटं सांगस मी?”

“खोटं कोण म्हणतंय? बघूच आता दसऱ्याला. साहेब काय म्हणतात ते आपल्या कानांनी ऐकू.”

सोनाबाईला दुसरं काही नको होतं. सत्कार नको, फोटो नको. साहेबांनी गल्लीसमोर एवढंच म्हणावं, की हो, या घरी मी जेवलो होतो. आणि जमलं तर आणखी एक शब्द.

“माय म्हनतीन का हो?” दसऱ्याच्या सकाळी तिनं भिवाला विचारलं.

“मोठला माणूस शे. रोज शंभर घरं. इसरी गया व्हई तर तू वाईट वाटी नको लेऊ.”

“इसरतीन कसं? कपाळले टेंगूळ आलं व्हतं!”

भिवा उठला आणि नळ बघायला गेला.

दुपार कलली तशी गल्ली माणसांनी भरली. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगनंतर पालिकेनं गल्लीत भर घालून फरशी टाकली होती, त्यामुळे आधीच बुटकी असलेली दारं आणखी बुटकी झाली होती. सोनाबाईच्या दारात तर आता मध्यम उंचीचा माणूसही आपटे. प्रमोद सकाळपासून सगळ्यांना बजावत होता, “साहेब आत शिरताना कोणीतरी सांगा, डोकं सांभाळा म्हणून.”

पांढरी अ‍ॅम्बेसेडर गल्लीच्या तोंडाशी थांबली. घोषणा झाल्या. गर्दीतून वाट काढत साहेब आले. गोरटेले, स्थूल, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर थकवा आणि हसू दोन्ही. दाराशी येताच प्रमोद घाईनं म्हणाला, “साहेब, डोकं...”

पण गरजच पडली नाही. साहेब सरळ चालत आत आले. त्यांचं डोकं आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली.

सोनाबाई हात जोडून उभी होती. तिची नजर त्या चार बोटांवर गेली आणि तिथंच राहिली.

माणूस वाळतो, भरतो. केस जातात, चष्मा लागतो. म्हातारपणी पाठीत वाकतोही. पण साहेब ताठ होते.

दाराबाहेर मालतीबाई उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. गोष्टीतलं ते खाडकन् सगळ्या गल्लीला पाठ होतं. मागे एक-दोघांत कुजबुज सुरू झाली. मालतीबाईंनी वळून, बालवाडीत लावायच्या आवाजात सांगितलं, “चौकट बदललेली दिसते यांनी. उंच करून घेतली. बरं केलं, किती जणांची डोकी फुटायची!”

चौकट तर कित्येक वर्षांच्या धुरानं काळी झालेली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण मालतीबाईंना उलट बोलायची सवय त्या गल्लीत कोणालाच नव्हती. सगळे त्यांच्याकडेच पाटी-पेन्सिल शिकलेले. कुजबुज थांबली.

आत प्रमोद म्हणत होता, “साहेब, ही माझी आई. त्र्याहत्तरच्या सभेनंतर तुम्ही इथंच जेवला होता.”

“त्र्याहत्तर...” साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. माणूस सच्चा होता. “सभा आठवते मला. मिलच्या पटांगणात. पण त्या दिवशी मी व्यासपीठावरूनच थेट स्टेशनला...”

“साहेब, पाणी घ्या,” सोनाबाई म्हणाली आणि पेला पुढे केला.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. जन्मभर माणसांपुढे बोललेला माणूस तो. कुठं थांबावं हे त्यांना कळत असे. त्यांनी वाक्य सोडून दिलं, पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायलं.

“फार बरं वाटलं, बाई,” ते म्हणाले. हात जोडले आणि बाहेर पडले.

गर्दी त्यांच्यामागे सभागृहाकडे वाहत गेली. “आजी, चाल ने! आगळ जागा पकडू!” विशाखा ओरडली आणि पुढची जागा धरायला पळाली. गल्लीत कोणी उरलं नाही. कर्ण्यातून “हॅलो, हॅलो” सुरू झालं.

सोनाबाई पाटासमोर मांडलेल्या रिकाम्या ताटाकडे पाहत उभी राहिली. मग ते तिनं उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आपण हसं करून घेतलं, हे एक झालं. पण त्याहून दुसरंच काहीतरी आत टोचत होतं. ते काय ते तिला लवकर कळेना. मग कळलं. तर मग तो कोण होता? आई गेलेला, रडत रडत जेवलेला, तो कोण?

ती दारात आली. गल्लीच्या तोंडाशी अ‍ॅम्बेसेडर उभी होती, आणि एक माणूस फडक्यानं तिचा टप पुसत होता. त्यासाठी त्याला हात वर करावा लागत नव्हता, इतका तो उंच होता. पांढरे स्वच्छ कपडे. केसही तितकेच पांढरे. त्यानं मान वळवली. सोनाबाईला पाहिलं. मग घाईनं तोंड फिरवून पुसलेली जागाच तो पुन्हा पुसू लागला.

ती चालत त्याच्यापाशी गेली.

“जेवनात का?”

“नही अजून. व्हईन काही तिकडे, सभा सुटनी का.”

“भाकरी व्हई राहिन्यात. चला.”

“नको माय, गाडी...” तो बोलून गेला.

शब्द तोच होता. आवाज जरा जाड झाला होता, एवढंच.

“गाडीले काय व्हस? चला,” सोनाबाई म्हणाली आणि मागं न बघता चालू लागली.

तो मागून आला. अनोळखी माणूस त्या दारात आधी आपटतो आणि मग वाकतो. हा दोन पावलं आधीच वाकला, एक हात कपाळावर धरून.

भिवा खाटेवरून उठून उभा राहिला. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“ये, हिलाल,” भिवा म्हणाला. “बठ.”

सोनाबाईच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. या माणसाचं नाव गल्लीत कोणी घेतलं नव्हतं. आज नाही, तेव्हाही नाही.

हिलाल दाराशी चप्पल काढायला वळला, तशी ती नवऱ्याजवळ सरकली. “तुमले ठाव व्हतं?”

“काय?”

“काय ते.”

त्र्याहत्तरच्या त्या सभेत भिवा स्वयंसेवक होता. साहेब परस्पर स्टेशनला गेले, रांधलेलं वाया जाऊ नये म्हणून त्यानंच त्यांच्या ड्रायव्हरला, हिलालला, पत्ता सांगून घरी धाडलं होतं. तासाभरानं तो घरी आला, तर बायको दारात उभी, आणि तिचं तोंड असं उजळलेलं, की सांगायचं ते त्याच्या ओठांवरून परत फिरलं. उद्या सांगू म्हणाला. ते उद्या काही उजाडलंच नाही.

यातलं तो आत्ताही काही बोलला नाही. स्टो हलवून बघितला. “रॉकेल कमी वाटस,” तो म्हणाला. “भरू का?”

सोनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं हा माणूस नळाला पाणी आलं का ते बघायला जात होता.

“भरा,” ती म्हणाली.

तिनं हिलालच्या हातावर पाणी घातलं. मग भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ताट उचललं, पदरानं पुसलं आणि पाटासमोर मांडलं. हिलालनं ते ओळखलं. तो बसता बसता पुन्हा अर्धा उठला.

“हे नको, माय. जर्मलचं काही दे. हे साहेबनं...”

“हे तुमनंच शे. बठा.”

“माय, त्या दिन मी सांगनार व्हतू. पन तू हातवर पानी टाकी राहिन्ती, आनि...”

“जेवताना बोलू नही. ठसका लागस.”

बाहेर कर्णा बोलू लागला. तात्यासाहेबांचं भाषण सुरू झालं असावं. सोनाबाईनं स्टोला पंप मारला, तशी घरघर वाढली आणि शब्द बुडाले. पीठ मळून तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. उलटली, शेकली, भाकरी फुगली. ताटात पडली तेव्हा वाफ होती. ठेचा, मेथी, मिठाचा खडा. भिवा भिंतीला टेकून बसला होता आणि मधेमधे तांब्यातून पाणी ओतत होता. बाहेर एकदा मोठ्या टाळ्या झाल्या, तेवढ्या ऐकू आल्या.

दोन भाकऱ्या संपल्या तेव्हा हिलालनं ताटाकडे पाहिलं आणि हात आखडता घेतला. सोनाबाईनं विचारलं नाही. तिसरी भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. त्याची मान खाली होती. या खेपेला ठेचा तिखट झाला असेल असं तिला वाटलं नाही.

सभा सुटायच्या बेताला तो निघाला. दारात भिवानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो वाकून बाहेर पडला आणि लांब पावलं टाकत गाडीकडे गेला. नेमक्या त्याच वेळी मालतीबाई विशाखाचा हात धरून सभेतून परतत होत्या. त्यांनी त्या उंच म्हाताऱ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पण भुवई उचलली नाही.

“आजी!” विशाखा धावत आली. तिचा चेहरा पडला होता. “साहेब तर सीधे उधन्याला चालले. आपल्याकडे जेवायला आलेच नाही!”

मालतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि उंबऱ्याशी येऊन विचारलं, अगदी हळू, “जेवले ना हो साहेब?”

सोनाबाई मोरीपाशी ताट विसळत होती.

“जेवनात,” ती म्हणाली. “अर्धी भाकर जास्तीनी लिधी.”

आणि ताट पुसून तिनं ते नेहमीच्या जागी, वरच्या फळीवर उभं करून ठेवलं.